‘वेव्ह ट्विस्टर्स’ मराठीत ऐकवताना: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, फ्रीमाँट

एप्रिलच्या श्रवणसत्राची पाळी माझी. आमच्या गटात आजवर शास्त्रीय झालं, नाट्यसंगीत झालं, भावगीतं झाली, एकदा जॅझही झालं. हिप-हॉपला मात्र कुणी हात घातलेला नाही. मी डीजे क्यू-बर्टचा ‘वेव्ह ट्विस्टर्स’ घेतेय. अल्बम १९९८ चा, आणि तो करणारा माणूस इथून तासाभरावरच्या सॅन फ्रान्सिस्कोत, एक्सेलसियर भागात वाढलेला. बे एरियात इतकी वर्षं राहून आपण हा अल्बम एकत्र बसून ऐकलेला नाही, हे मला फार दिवस खटकतंय.

उद्दिष्ट आजच लिहून ठेवते, म्हणजे तयारी करताना वाहवत जाणार नाही. लोकांनी स्क्रॅच, म्हणजे फिरती रेकॉर्ड हाताने पुढेमागे ओढून काढलेला आवाज, हा मुख्य आवाज म्हणून ऐकावा, एवढंच. बहुतेक हिप-हॉप गाण्यांत स्क्रॅच दोन कडव्यांच्या मधे येतो, चार-आठ ठोके चमकतो आणि रॅपर परत आला की मागे सरतो. इथे पुढे रॅपर नाहीच. गोष्ट, पात्रं, भांडण, पाठलाग, सगळं रेकॉर्डवरच्या हातातून येतं.

११ जानेवारी

इतिहासाचा भाग दहा मिनिटांत बसवायचा आहे. पहिल्या खर्ड्यात तो पाऊण तास झाला होता, कारण प्रत्येक नावापाशी थांबावंसं वाटतं. आज कात्री लावली.

काय ठेवलं: न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला ग्रँड विझर्ड थिओडोर, १९७५ च्या सुमारास. आई दाराशी येऊन आवाज कमी कर म्हणाली, त्याने चालती रेकॉर्ड हाताने धरली आणि धरल्या धरल्या पुढेमागे केली, ही स्क्रॅचच्या जन्माची सर्वत्र सांगितली जाणारी हकिगत. मग एकदम १९८३: हर्बी हॅनकॉकचं ‘रॉकिट’ आणि त्यात ग्रँडमिक्सर डीएसटीचा स्क्रॅच. १९८४ च्या ग्रॅमी सोहळ्यात हे वाजलं आणि टीव्हीवर लाखो पोरांनी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, हे वाद्य म्हणून वाजताना पाहिलं. नव्वदच्या दशकातल्या डीजेंना कुठून सुरुवात झाली असं विचारलं की एकामागून एक जण हेच गाणं सांगतात. त्यानंतर १९९५: लॉस एंजेलिसकडचा डीजे बाबू ‘टर्नटेबलिस्ट’ (टर्नटेबल वाद्यासारखं वाजवणारा) हा शब्द रूढ करतो. बास. बाकीचे लोक प्रश्नोत्तरांत.

‘रॉकिट’मधला तो ‘फ्रेश’चा आवाज कुठला, हे मात्र सांगायचंच. १९८२ च्या ‘चेंज द बीट’ नावाच्या बारा इंची रेकॉर्डची बी-बाजू, अगदी शेवट, गाणं संपल्यावर व्होकोडरमधून (माणसाचा आवाज यांत्रिक करणाऱ्या यंत्रातून) आलेलं एक वाक्य. त्यातला ‘आऽऽ’ आणि ‘फ्रेश’ हे दोन तुकडे गेली चाळीस वर्षं जगभरचे डीजे रियाजाला घेतात. सत्रात पहिला आवाज हाच असेल.

१८ जानेवारी

टर्नटेबलची सोय झाली. एका मैत्रिणीने टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ दिलं, वजनाला चांगलंच दणकट. मूळ मॉडेल १९७२ चं, एमके२ १९७९ चं. यंत्र घरी शांतपणे गाणी ऐकणाऱ्यांसाठी होतं, पण डीजेंनी ते उचललं, कारण यात मोटर थेट प्लॅटरखाली, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीखाली बसते. पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलात हाताने अडवलं की पट्टा ताणतो, घसरतो, आणि सोडल्यावर वेग यायला वेळ लागतो. हे साधारण ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेतं. वर फेल्टचा स्लिपमॅट टाकला की खाली प्लॅटर फिरत राहतो आणि वर रेकॉर्ड तुमच्या बोटांखाली थांबून राहते. हे सांगायला दोन मिनिटं पुरे.

जास्त वेळ खाचेला, म्हणजे रेकॉर्डवर सुई चालते त्या कोरलेल्या रेघेला द्यायचा. ३३ १/३ फेऱ्यांना एक मिनिट, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. पाव फेरा म्हणजे ०.४५ सेकंद. लेबलवर पांढऱ्या चिकटपट्टीची रेघ मारली आणि ‘आऽऽ’ कुठे सुरू होतो ते पकडलं. रेघ बारा वाजल्याच्या जागी असताना आवाज सुरू. आता हा तुकडा मूळ वेगाने ढकलला तर मूळ सूर. निम्म्या वेळात ढकलला तर बरोबर एक सप्तक वर. रेंगाळत ढकलला तर खाली खाली जातो आणि हात थांबतो तिथे नाहीसा होतो. म्हणजे सूर आणि लांबी या दोन गोष्टी एकाच हालचालीला बांधलेल्या आहेत, एक बदलली की दुसरी बदलणारच. टर्नटेबलिस्टची सगळी सुरावट या अडचणीतून निघालेली आहे.

दुसरी गंमत त्रिज्येची. बाहेरच्या कडेकडे, मध्यापासून १३ सेंटिमीटरवर, पाव फेऱ्यात सुईखालून सुमारे २० सेंटिमीटर खाच जाते. लेबलजवळ, साडेसहा सेंटिमीटरवर, तेवढ्याच वेळात सुमारे १०. वेळ तीच, पण खाच निम्मी, आणि आत जाल तसा आवाजाचा बारीक तपशील कमी होत जातो. म्हणून स्क्रॅचसाठी काढलेल्या रेकॉर्डवर आवाज कुठे ठेवायचा यालाही महत्त्व.

आणि स्किपलेस रेकॉर्ड. हे दाखवल्याशिवाय सोडायचं नाही. मिनिटाला १३३.३३ ठोक्यांच्या लयीत चार ठोके बरोबर १.८ सेकंदांत बसतात, म्हणजे एका फेऱ्यात. एकच चार ठोक्यांचा तुकडा फेऱ्यामागून फेरा कोरला की शेजारशेजारच्या खाचांत त्याच जागी तोच आवाज येतो. हाताच्या धक्क्याने सुई एक खाच उडाली तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी अर्धा तास त्याच आनंदात होते.

२५ जानेवारी

आमच्या गटातले तबला शिकवणारे काका आज घरी आले होते. त्यांना तयारी दाखवली. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, “अगं, मजा आहे. पण आवाज दुसऱ्याचा आहे ना? यात याचं स्वतःचं काय?”

हा प्रश्न सत्रात येणारच, त्यामुळे बरं झालं आज आला. मी म्हटलं, “काका, तबल्याची शाई तुम्ही लावलेली नाही. पुडी कुणी दुसऱ्यानेच बांधली. बोल तुमचा असतो ना?”

“ते वाद्य झालं. हे तर कुणी तरी आधी वाजवून ठेवलेलं आहे.”

मग मी वाद घातला नाही. एकच ‘आऽऽ’ लावला आणि तोच तुकडा चार वेगवेगळ्या डीजेंच्या हातून कसा येतो ते एकामागून एक ऐकवलं. तिसऱ्याच्या वेळी त्यांची बोटं मांडीवर चालू झाली. चौथा संपल्यावर म्हणाले, “हा कायदा मांडतोय. दोन-तीनच अक्षरं घेतली आहेत, आणि पलट्यांवर पलटे काढतोय.” तबल्यातला कायदा म्हणजे थोड्या ठरावीक बोलांची रचना, आणि पलटे म्हणजे त्याच बोलांचे फेरफार. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. सत्रात ही गोष्ट काकाच सांगणार आहेत, त्यांनी कबूल केलंय.

२ फेब्रुवारी

आज दुसरा हात: फेडर (पूर्ण नाव क्रॉसफेडर), म्हणजे मिक्सरवरची आवाज उघडबंद करणारी सरकती कळ. ऐकणाऱ्याचं लक्ष नेहमी रेकॉर्डवरच्या हाताकडे जातं, कारण तो मोठा हलतो. पण अक्षरं पडतात ती मिक्सरवरच्या हातात. रेकॉर्डवरचा हात सूर आणि श्वास देतो, क्रॉसफेडर त्याचे तुकडे पाडतो.

दाखवायचे प्रकार ठरवले. बेबी: फेडरला हातच नाही, नुसतं पुढेमागे. चर्प: पुढे जाताना शेवट कापायचा, मागे येताना सुरुवात उघडायची, पाखराच्या चिवचिवीसारखा येतो म्हणून नाव तसं. ट्रान्सफॉर्म: फेडर बंद ठेवून सुरुवात, आवाज लांब ओढायचा आणि मधे मधे उघडझाप. फ्लेअर: याच्या उलट, फेडर उघडा ठेवून सुरुवात आणि मधे झटके देऊन आवाज तोडायचा, हा ज्याने काढला त्या डीजे फ्लेअरचंच नाव लागलं. आणि शेवटी क्रॅब, जो क्यू-बर्टमुळे जगभर पोचला. अंगठा फेडरला एका बाजूने रेटून धरतो. बाकीची बोटं चुटकी वाजवल्यासारखी एकामागून एक फेडरवरून निसटतात. प्रत्येक बोट फेडर उघडतं, अंगठा लगेच बंद करतो. एका हालचालीत तीन-चार तुकडे, इतके जवळ की सावकाश केल्याशिवाय मोजता येत नाहीत.

क्रॅब मला सफाईने येत नाही, त्यामुळे तो संथ करून ऐकवेन. बाकीचे हाताने.

९ फेब्रुवारी

दुपारी एक्सेलसियरमधून मिशन रस्त्याने खाली डेली सिटीपर्यंत गेले. या भागाची ओळख सत्रात द्यायची आहे आणि ती नकाशावरून देण्यात अर्थ नाही. फिलिपिनो बेकऱ्या, पैसे पाठवायची दुकानं, छोटी लागून घरं, प्रत्येकाखाली गॅरेज. डेली सिटीची सुमारे एक तृतीयांश वस्ती फिलिपिनो.

क्यू-बर्ट, म्हणजे रिचर्ड क्विटेव्हिस, याच समाजातला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून इथे फिलिपिनो पोरांच्या मोबाइल डीजे टोळ्या होत्या. लग्नं, मुलींचा अठरावा वाढदिवस, चर्चचे हॉल, गॅरेजमधल्या पार्ट्या. स्वतःचे स्पीकर, स्वतःचे दिवे, सामान वाहायला चुलत-मामे भावंडं. संशोधक ऑलिव्हर वांग यांनी २०१५ साली या टोळ्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. हे समजलं की एक गोष्ट आपोआप सुटते: न्यूयॉर्कपासून इतक्या लांब, देशाच्या दुसऱ्या टोकाला, इतके तयार हात एकाच वस्तीत कुठून आले? घरोघरी टर्नटेबल होती, समारंभ होते, आणि मोठ्या भावाचं सामान वापरायला मिळत होतं. तिथून ही पोरं स्पर्धांत गेली. १९९२ ला क्यू-बर्ट, मिक्स मास्टर माइक आणि अपोलो हे तिघं मिळून डीएमसी या डीजेंच्या जागतिक स्पर्धेचे विजेते झाले, १९९३ ला क्यू-बर्ट आणि माइक पुन्हा.

पुढे इन्व्हिजिबल स्क्रॅच पिकल्स, हा क्यू-बर्टचा गट. यांनी टर्नटेबलांचा बँड केला: एक जण ढोलाचे ठोके स्क्रॅच करतो, दुसरा बास, तिसरा वरची सुरावट. ‘वेव्ह ट्विस्टर्स’ समजायला हा टप्पा फार महत्त्वाचा, कारण स्पर्धेत काही मिनिटांत सगळं दाखवून टाकायचं असतं आणि बँडमध्ये दुसऱ्यासाठी जागा सोडावी लागते. अल्बम करायला ही दुसरी सवय लागते.

१५ फेब्रुवारी

आज फक्त अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वही बाजूला ठेवून.

गोष्ट अशी: ‘इनर स्पेस डेंटल कमांडर’ नावाचा दंतवैद्य नायक, त्याचे साथीदार, आणि मनगटावर बांधायचं छोटं टर्नटेबल हेच शस्त्र. त्याचंच नाव वेव्ह ट्विस्टर. दडपून टाकलेल्या हिप-हॉपच्या कला सोडवून आणायच्या. अल्बमचं पूर्ण नाव ‘एपिसोड सेव्हन मिलियन: सॉनिक वॉर्स विदिन द प्रोटॉन्स’. कुणाला हे पोरकट वाटेल. मला वाटत नाही. स्क्रॅचला पात्रं दिल्यामुळे ऐकणारा आपोआप विचारतो, आता बोलतंय कोण? आणि हा प्रश्न पडला की तो करामत मोजणं सोडून बोलणं ऐकायला लागतो. मला सत्रात नेमकं हेच घडवायचं आहे.

२००१ साली सिड गॅरन आणि एरिक हेन्री यांनी या अल्बमवर ॲनिमेशनपट केला, तो सनडान्समध्ये दाखवला गेला. तिथे उलटा क्रम होता: आवाज आधी, चित्रं नंतर, आणि स्क्रॅचच्या प्रत्येक झटक्याला पात्राचं तोंड किंवा हात हलतो. मोह होतो, पण सत्रात आधी चित्रपट नाही. एकदा डोळ्यांनी पाहिलं की कान आयते होतात. शेवटी चार मिनिटांचा तुकडा, तोही वेळ उरला तर.

२२ फेब्रुवारी

लिपी. २००० च्या सुमारास जॉन कार्लुचियो आणि त्याच्या साथीदारांनी स्क्रॅच लिहून ठेवायची एक पद्धत काढली, टीटीएम. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रेकॉर्डचं फिरणं. रेघ वर चढली की हात पुढे, खाली उतरली की मागे, चढ जितका उभा तितका वेग. फेडरचे झटके त्या रेघेवर छोट्या खुणांनी. डीजे ए-ट्रॅकनेही पोरवयात स्वतःची वेगळी पद्धत तयार केली होती. १९९७ ला तो पंधराव्या वर्षी डीएमसी जिंकला.

सत्रासाठी अल्बममधल्या ‘इनर स्पेस डेंटल कमांडर’ याच नावाच्या गाण्यातला एक छोटा तुकडा या पद्धतीने उतरवते आहे. निम्म्या वेगाने ऐकूनही एका जागी अडायला होतं: मधे शांतता आली, पण ती फेडरने आली की हात वळला म्हणून? उत्तर स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, स्वच्छ दिसतं. हात वळताना सूर खाली झुकत झुकत शून्याला जातो आणि तिथूनच परत चढतो, दरी दिसते. फेडरने कापलेला आवाज आहे त्या उंचीवर तुटतो, कडा सरळ, भिंत दिसते. दरी की भिंत, एवढं बघितलं की दोन हात वेगळे करता येतात. आता हे कानालाही कळायला लागलंय, आणि त्यानंतर मला अल्बम वेगळाच ऐकू येतो. क्यू-बर्ट भिंत आणि दरी मुद्दाम आलटून पालटून ठेवतो. एकाच लांबीच्या दोन शांतता, पण एकीत श्वास आहे आणि दुसरीत नाही.

१ मार्च

हक्कांचा भाग. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर वाद्यात होतं, उरलेलं न्यायालयाच्या कायद्यात आहे, आणि ते टाळायचं नाही. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात परवानगीविना सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा, वापरणं ही चोरी ठरवली, निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलच्या आज्ञेने. त्यानंतर मोठ्या कंपन्यांत प्रत्येक तुकड्याची परवानगी, प्रत्येक तुकड्याचे पैसे. माझं मत: मूळ वादकाला मोबदला मिळायलाच हवा, विशेषतः ज्यांचे ढोलाचे ठोके हजारो गाण्यांत वाजले आणि हातात काही आलं नाही त्यांना. पण त्यामुळे स्क्रॅच ही रचना नाही असं ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत आणि सत्रात मी त्या तशाच मांडणार.

८ मार्च

सुई बदलली. शुअर एम४४-७ ही स्क्रॅचवाल्यांची आवडती, दीड ते तीन ग्रॅम दाब, खाच सोडत नाही. कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) बनवणं बंद केलं, त्यामुळे ज्यांच्याकडे आहेत ते जपून वापरतात. मैत्रिणीने तिची दिली. सत्राच्या दिवसापर्यंत डबीत.

१६ मार्च

शेजारी काय ऐकवायचं? तीन अल्बम समोर होते. डीजे शॅडोचा १९९६ चा ‘एंट्रोड्युसिंग’ मला फार प्रिय, पण तो मुख्यतः एमपीसी६० या सॅम्पलरवर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून कळांनी वाजवायच्या यंत्रावर रचलेला. हाताची हालचाल हा त्याचा विषय नाही. काढला, जड मनाने. डी-स्टाइल्सचा २००२ चा ‘फँटाझमागोरिया’ सर्वांत कडक, सगळं स्क्रॅच करून बांधलेला. नवख्या कानाला पहिल्याच दिवशी जड जाईल.

ठेवला तो किड कोआलाचा २००० चा ‘कार्पल टनेल सिंड्रोम’, त्यातला ट्रम्पेटचा तुकडा. ट्रम्पेटचा एक लांब सूर घेऊन रेकॉर्ड हाताने मागेपुढे ओढत, वेग बदलत त्याची सुरावट केली आहे. इथे वेगाची कळही दाखवता येते: ३३ वरून ४५ केलं की सूर पाच स्वरस्थानांहून किंचित वर जातो, म्हणजे साच्या जागी जवळजवळ शुद्ध मध्यम. मधल्या जागा हाताने भरायच्या. क्यू-बर्ट बोलतो, कोआला गातो. दोघं शेजारी ठेवले की दोघंही जास्त कळतात.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड, संध्याकाळी घरच्यांपुढे पूर्ण तालीम. इतिहास अजूनही लांबतोय. ग्रॅमीचा प्रसंग अर्धा केला.

५ एप्रिल

क्रम पक्का. ‘आऽऽ’ आणि ‘फ्रेश’. खाच आणि चिकटपट्टी. फेडर. काकांचा कायदा. दहा मिनिटं इतिहास आणि डेली सिटी. मग दिवे मंद करून अल्बममधले सलग वीस मिनिटं, मधे एक शब्द न बोलता. त्यानंतर लिपीचा कागद वाटायचा आणि तोच तुकडा पुन्हा. कोआला. हक्क. प्रश्न.

कागद आधी वाटायचा की नंतर यावर बराच विचार केला. नंतरच. आधी दिला तर लोक बोट ठेवून वाचत बसतील.

१२ एप्रिल

सत्र झालं. वीस मिनिटांच्या सलग ऐकण्यात कुणी उठलं नाही. मागच्या रांगेत दोन शाळकरी मुलं होती, त्यांना दंतवैद्य कोण आणि शत्रू कोण हे मोठ्यांच्या आधी कळलं, आणि ती एकमेकांना हळू आवाजात सांगत होती. मी त्यांना मोठ्याने सांगायला लावलं.

काकांनी ‘आऽऽ’वर हातात तबला घेऊन दोन पलटे वाजवले आणि मी तेच टर्नटेबलवर उतरवायचा प्रयत्न केला. विलंबितात जमलं, दुगुणीत माझा फेडर मागे पडला. पण तेवढ्यात सगळ्यांना दुसऱ्या हाताचं काम दिसलं, जे दिसावं म्हणून हा सगळा खटाटोप.

कागद वाटल्यावर तुकडा तीन वेळा ऐकावा लागला, मागणीवरून. एका ताईंनी बरोबर जागा दाखवली: “इथे आवाज तुटला, आणि इथे मिटला.” दरी आणि भिंत हे मी तोवर सांगितलंही नव्हतं. ॲनिमेशनला वेळ उरला नाही.

राहिलेला प्रश्न एकच, आणि तो खरा आहे: दोन टर्नटेबलं का लागतात? आज सगळं एकावरच दाखवलं, बीट जगलिंगला हातच लागला नाही. ते न्यूयॉर्ककडचं काम, स्टीव्ह डीने उभं केलेलं: एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती, आणि दोन्हींवरचे ठोके सुटे करून नवा ठेका बांधायचा. त्यासाठी एक्स-एक्युशनर्स या गटाचा १९९७ चा ‘एक्स-प्रेशन्स’ घ्यायला हवा. गटाने ऑक्टोबरची तारीख दिली आहे. दुसरं टर्नटेबल मैत्रिणीकडे आहेच. एकाच ढोलाच्या रेकॉर्डच्या दोन सारख्या प्रती शोधायला पुढच्या आठवड्यापासून जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत चकरा सुरू करते.